मुंबई दूरदर्शन केंद्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरळीच्या केंद्राबद्दल बोलणं निघालं की तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. काही तारखांचे, काही कार्यक्रमांचे, आणि बरेचसे "ते आता कुठे बघायला मिळेल?" असे. हे केंद्र मुंबईपुरतं सुरू झालं. पण शेती, कामगारवस्ती, नाटक, साहित्य, संगीत, लहान मुलं अशा प्रत्येकाला त्याने आठवड्यातली स्वतःची वेळ दिली, आणि त्यामुळे ते महाराष्ट्राचं झालं. त्याची माहिती एका जागी असावी, म्हणून ही प्रश्नोत्तरं.

मुंबई दूरदर्शन नेमकं कधी सुरू झालं?

२ ऑक्टोबर १९७२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी. दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ला सुरू झालं होतं. म्हणजे दिल्लीनंतर दुसरं केंद्र निघायला तेरा वर्षं जावी लागली, आणि तो मान मुंबईला मिळाला. पुढे १९७३मध्ये श्रीनगर आणि अमृतसर, १९७५मध्ये कोलकाता, चेन्नई आणि लखनौ ही केंद्रं आली.

सुरुवातीला ते आकाशवाणीचाच भाग होतं, हे खरं का?

हो. १ एप्रिल १९७६ला टेलिव्हिजन आकाशवाणीपासून वेगळं काढलं गेलं आणि "दूरदर्शन" हे स्वतंत्र खातं झालं. त्याआधीची साडेतीन वर्षं मुंबईचं केंद्र आकाशवाणीच्या छत्राखाली चाललं. हा केवळ कारभाराचा तपशील नाही. सुरुवातीच्या कार्यक्रमांत शब्दाला जे वजन होतं, उच्चाराची जी काळजी होती, ती नभोवाणीच्या वळणातून आलेली होती. दुसरं वळण मराठी रंगभूमीचं. मुंबईत नाटकवाल्यांची वाण नव्हती. दिवसा नोकरी, संध्याकाळी तालीम अशी सवय असलेली माणसं स्टुडिओत सहज रुळली. चित्रपटासारखा पैसा हाताशी नव्हता, पण चांगली संहिता आणि तयारीचे नट होते. त्या काळातला कुठलाही तुकडा पाहा: मागचा पडदा साधा, सामान मोजकं आणि वाक्यं मात्र घासूनपुसून घेतलेली.

केंद्र आहे कुठे? तो उंच मनोरा त्यांचाच ना?

वरळीला, पांडुरंग बुधकर मार्गावर. हो, तो लोखंडी मनोरा दूरदर्शनचाच. सुमारे ३०० मीटर उंच आहे. आता त्याच्या आजूबाजूला टोलेजंग इमारती उठल्या आहेत, पण एके काळी दादर-परळच्या गच्च्यांवरून तो मोकळा दिसायचा, आणि अँटेना कुठल्या दिशेला वळवायचा हे त्याच्याकडे बघून ठरायचं.

पुण्यात टीव्ही कधी आला?

१९७३मध्ये, सिंहगडामुळे. किल्ल्याच्या माथ्यावर सहक्षेपण केंद्र उभारलं आणि मुंबईचे कार्यक्रम तिथून पुण्याकडे सोडले गेले. टीव्हीच्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्याइतक्याच जातात. मध्ये डोंगर आला की चित्र गेलं. म्हणून उंच जागा लागते, आणि पुण्याच्या आसपास सिंहगडाइतकी सोयीची जागा कुठली? पुण्यातले सगळे अँटेना त्यामुळे गडाकडे तोंड करून असत. गडावर जाणाऱ्यांना तो मनोरा आजही लांबूनच दिसतो.

मग मराठवाडा, विदर्भ, कोकण, खानदेशात मुंबईचे कार्यक्रम कधी दिसले?

इथे आठवणींची फार गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९७२ ते १९८२ या दहा वर्षांत मुंबई दूरदर्शन प्रत्यक्षात मुंबई-पुणे आणि त्यांच्या पंचक्रोशीचंच होतं. मुंबईची मुलं "किलबिल" बघत होती तेव्हा लातूर किंवा परभणीच्या मुलांनी टीव्ही डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. १९८२नंतर, आणि विशेषतः १९८४च्या सुमारास, जिल्ह्याजिल्ह्यांत लहान शक्तीचे प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले. पण ते जोडले गेले उपग्रहावरून दिल्लीला, मुंबईला नव्हे. त्यामुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत टीव्ही पोचला तो हिंदी आणि इंग्रजीत. गावात टॉवर, घरात टीव्ही, आणि मराठी कार्यक्रम मात्र नाही! वर्तमानपत्रात छापलेले मुंबईचे कार्यक्रम नुसते वाचायचे, दिसायचे नाहीत. राज्यभर मराठी प्रक्षेपण दिसू लागलं ते उपग्रहावरून प्रादेशिक सेवा मिळाल्यावर, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस.

म्हणून "आमच्या लहानपणी सगळा महाराष्ट्र 'गजरा' हा कार्यक्रम बघायचा" हे वाक्य जपून वापरावं. सत्तरच्या दशकाबद्दल बोलत असाल तर तो "सगळा महाराष्ट्र" मुंबई-पुण्यापुरता होता. ज्यांना हे उशिरा मिळालं त्यांच्या आठवणी वेगळ्या आहेत, आणि त्या आजवर फारशा नोंदल्या गेलेल्या नाहीत.

नागपूरला दूरदर्शनचं स्वतंत्र केंद्र आहे आणि पुण्यातही आहे; तिथे बनलेले कार्यक्रमही मराठी वाहिनीवर दिसतात.

सुरुवातीला दिवसातून किती वेळ कार्यक्रम असत?

फक्त संध्याकाळी, मोजके तास. वाहिनी एकच. तेवढ्यात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी या सगळ्यांना जागा द्यायची. गुजराती प्रेक्षकांसाठी "आवो मारी साथे" आणि "संताकुकडी" होतं, इंग्रजीत सबीरा मर्चंट यांचा "व्हॉट्स द गुड वर्ड" हा शब्दखेळ, हिंदीत तबस्सुम यांचा "फूल खिले हैं गुलशन गुलशन" हा गप्पांचा कार्यक्रम. गंमत अशी की भाषा येवो न येवो, लोक सगळंच बघत. गिरगावातल्या मराठी घरांत "संताकुकडी" बघून गुजराती शिकलेली माणसं आहेत.

शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी चित्रपट आणि गुरुवारी हिंदी गाण्यांचं "छायागीत" हा आठवड्याचा कणा. रविवारच्या चित्रपटाच्या मध्येच बातम्या लागायच्या. तेवढ्या वेळात जेवणं उरकली जात.

"साप्ताहिकी" म्हणजे काय?

पुढच्या आठवड्यात काय काय लागणार आहे हे सांगणारा कार्यक्रम. वार, वेळ, कार्यक्रमाचं नाव, आणि मधूनच एखादी झलक. नुसती यादी, पण लोक कागद-पेन्सिल घेऊन बसत. शनिवारचा आणि रविवारचा चित्रपट कुठला हे इथेच कळायचं.

सगळ्यात जास्त विचारले जाणारे जुने कार्यक्रम कोणते?

पहिला मान "गजरा"चा. छोट्या नाटुकल्या, प्रहसनं, गाणी यांची गुंफण. विनायक चासकर यांच्यासारख्या निर्मात्यांनी तो बांधला आणि किशोर प्रधान, दिलीप प्रभावळकर यांच्यासारखे नट त्यातून घराघरांत पोचले. याकूब सईद आणि बबन प्रभू यांचं "हास परिहास"ही त्याच पिढीचं.

दुसरा "चिमणराव". चिं. वि. जोशींच्या कथांवरची मालिका. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मराठीतल्या मालिका आज शेकड्यांनी मोजाव्या लागतील, पण पुस्तकातलं पात्र आणि पडद्यावरचा नट इतके एकजीव क्वचितच झाले असतील. ज्यांनी ती मालिका पाहिली त्यांना कथा वाचताना प्रभावळकरांचाच आवाज ऐकू येतो. बाळ कर्वेंना तर रस्त्यात लोक गुंड्याभाऊ म्हणूनच हाक मारत.

तिसरं नाव घ्यायचं तर माझ्या मते "आमची माती आमची माणसं". शहरी प्रेक्षकांनी त्याची कधी कधी टिंगल केली. "शेतीचं लागलं, आता चहा टाका" असं म्हणायचे. ती टिंगल मला कधीच पटली नाही. तज्ज्ञ शेताच्या बांधावर उभा राहून बोलतोय, शेजारी शेतकरी त्याला आडवे प्रश्न विचारतोय, औषध किती पाण्यात किती मिसळायचं ते आकड्यांत सांगितलं जातंय: इतका थेट उपयोगाचा कार्यक्रम दुसरा दाखवता येणार नाही. निर्माते शिवाजी फुलसुंदर यांचं नाव या कार्यक्रमाशी कायमचं जोडलेलं आहे. वाहिन्या आल्या, मालिका आल्या, तरी शेतीचा हा कार्यक्रम कित्येक दशकं टिकला. मी तर म्हणेन, केंद्राचं सगळ्यात मोठं काम हेच.

"ज्ञानदीप"चाही वेगळा उल्लेख हवा. आकाशानंद यांनी उभा केलेला हा लोकशिक्षणाचा कार्यक्रम. त्याची खरी करामत पडद्याबाहेर होती. प्रेक्षकांनी गावोगावी, वस्तीवस्तीत "ज्ञानदीप मंडळं" काढली आणि कार्यक्रमात ऐकलेल्या गोष्टी आपापल्या परिसरात करून पाहिल्या. टीव्ही पाहून लोक बाहेर पडले आणि कामाला लागले, असं उदाहरण विरळाच.

याखेरीज "प्रतिभा आणि प्रतिमा"त साहित्यिक-कलावंतांच्या मुलाखती, "शब्दांच्या पलीकडले"मध्ये संगीत (त्यामागे अरुण काकतकर), "नाट्यावलोकन"मध्ये सुरेश खरे यांच्यासोबत चालू नाटकांचा परिचय, कामगारांसाठी "कामगार विश्व", गृहिणींसाठी "सुंदर माझं घर", मुलांसाठी "किलबिल". एकाच वाहिनीच्या काही तासांत हे सगळं मावत होतं!

बातम्या कोण देत असे?

डॉ. विश्वास मेहेंदळे हे सुरुवातीच्या वृत्तनिवेदकांतलं ठळक नाव. पुढे अनंत भावे, भक्ती बर्वे, स्मिता पाटील, चारुशीला पटवर्धन, शोभा तुंगारे, स्मिता तळवलकर, वासंती वर्तक, ज्योत्स्ना किरपेकर. आणि अर्थात प्रदीप भिडे. ते १९७४पासून चाळीसएक वर्षं बातम्या देत राहिले. २०२२मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचा "नमस्कार" ऐकला की घरात घड्याळ बघायची गरज नसे.

या यादीत एक गोष्ट लक्षात येते. अनंत भावे मुलांसाठी कविता लिहिणारे कवी, भक्ती बर्वे रंगभूमीवरची अव्वल अभिनेत्री, स्मिता तळवलकर पुढे चित्रपटनिर्मात्या. भाषा ज्यांच्या तोंडात पक्की बसलेली आहे अशी माणसं बातम्यांसाठी निवडली जात होती. समोर मजकूर दाखवणारा टेलिप्रॉम्प्टर नव्हता. हातात कागद, एक ओळ डोळ्यांनी उचलायची, मान वर करून कॅमेऱ्याकडे बघत ती पूर्ण करायची, पुन्हा खाली. वाचतोय असं वाटू न देता वाचायचं. बाहेरची दृश्यं १६ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित होऊन यायची, ती धुवायची, कापायची, जोडायची आणि मग दाखवायची. संध्याकाळच्या बातम्यांत दुपारच्या घटनेचं दृश्य दिसलं तर त्यामागे बरीच धावपळ झालेली असे.

स्मिता पाटील खरंच जीन्सवर साडी गुंडाळून बातम्या देत असे का?

तिच्या सहकाऱ्यांनी आणि मैत्रिणींनी ही गोष्ट अनेकदा सांगितली आहे. कॅमेऱ्यात कमरेच्या वरचंच दिसतं, त्यामुळे अडचण नव्हती. पण गोष्टीपेक्षा महत्त्वाचं हे, की चित्रपटसृष्टीच्या नजरेत ती या बातम्यांमुळे आली. श्याम बेनेगल यांनी तिला चित्रपटात घेतलं त्याआधी मुंबईकरांना तो चेहरा रोज संध्याकाळी दिसत होता.

टीव्हीला परवाना लागायचा म्हणतात?

लागायचा. पोस्टात जाऊन दरवर्षी शुल्क भरायचं आणि पासबुकासारख्या पुस्तकात नोंद करून घ्यायची. १९८५मध्ये घरगुती परवाने रद्द झाले. जुन्या कपाटात ते पुस्तक सापडलं तर टाकू नका. तुमच्या घरी टीव्ही कधी आला याचा तो पक्का पुरावा आहे.

तेव्हाचे टीव्ही कसे असत?

कृष्णधवल, लाकडी खोक्यातले. क्राउन, वेस्टन, टेलिव्हिस्टा ही नावं जुन्या लोकांना लगेच आठवतील. पुष्कळ टीव्हींना सरकतं शटर असे, कुलूपसुद्धा. संध्याकाळी ते शटर खडखडत दोन्ही बाजूंना सरकलं की चाळीतली पोरं दारात हजर. आतली पिक्चर ट्यूब गरम व्हायला वेळ लागे. आधी आवाज यायचा, मग चित्र हळूहळू उजळायचं. बाजारात एक रंगीत पारदर्शक कागद मिळायचा, वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. तो काचेवर लावला की बागेतलं दृश्य ठीक दिसे, पण निवेदिकेचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी! तरी लोक हौसेने लावत. वाऱ्याने अँटेना हलला की पडद्यावर मुंग्या, मग एकाने गच्चीवर आणि एकाने खिडकीत उभं राहून "आलं, आलं... गेलं" असा पुकारा करायचा.

जाहिराती कधी सुरू झाल्या? आणि रंग?

जाहिराती १ जानेवारी १९७६पासून. रंगीत प्रक्षेपणाचा आरंभ १५ ऑगस्ट १९८२ला दिल्लीतून, राष्ट्रीय कार्यक्रमासोबत, म्हणजे दिल्लीहून देशभर एकाच वेळी दिसणाऱ्या कार्यक्रमांसोबत. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमधल्या आशियाई खेळांनी रंगीत टीव्हीची मागणी वाढवली. मुंबईचे कार्यक्रम त्यानंतर टप्प्याटप्प्याने रंगीत झाले. राष्ट्रीय कार्यक्रम आल्यावर रात्रीची मोक्याची वेळ दिल्लीकडे गेली आणि मराठीला संध्याकाळचा तुकडा उरला. केंद्राचं त्यात मोठं नुकसान झालं असं मला वाटतं. गर्दीची वेळच हातून गेली की उत्तम कार्यक्रमालाही हक्काचा प्रेक्षक राहत नाही.

मुंबईत दुसरी वाहिनी होती ना?

होती, १९८५पासून. पुढे १९९३मध्ये महानगरांतल्या या दुसऱ्या वाहिन्या एकत्र जोडून मेट्रो वाहिनी झाली.

"सह्याद्री" हे नाव कधी पडलं?

मराठी उपग्रह वाहिनी १५ ऑगस्ट १९९४ला डीडी-१० या नावाने सुरू झाली. २०००मध्ये तिला "सह्याद्री" हे नाव मिळालं. म्हणजे १९७२चं मुंबई केंद्र आणि सह्याद्री वाहिनी यांचं घर एक, पण वाढदिवस वेगळे. कुणी "सह्याद्री १९७२पासून" असं लिहिलं तर ते बरोबर नाही. १९९७मध्ये प्रसार भारती हे महामंडळ झालं आणि दूरदर्शन-आकाशवाणी पुन्हा एका छत्राखाली आली.

खासगी मराठी वाहिन्यांमुळे दूरदर्शन मागे पडलं का?

प्रेक्षकसंख्येत पडलं, हे मान्य करायला हवं. १५ ऑगस्ट १९९९ला अल्फा मराठी आली, जी आज झी मराठी म्हणून ओळखली जाते, आणि वर्षभरात ई टीव्ही मराठी आली. पण त्या वाहिन्यांचा पाया इथेच घातला गेला होता. माधवराव पेशव्यांवरच्या "स्वामी"तले रवींद्र मंकणी आणि मृणाल कुलकर्णी दूरदर्शनचे. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरचा "गोट्या" दूरदर्शनचा. पोलिसांच्या तपासाची "एक शून्य शून्य" इथलीच. आणि रोज चालणारी पहिली मराठी मालिका "दामिनी", प्रतीक्षा लोणकर यांची, तीही दूरदर्शनचीच. रोजच्या मालिकेला मराठी प्रेक्षक बांधून राहतो हे "दामिनी"ने आधी दाखवून दिलं होतं.

आजही सह्याद्रीवर नवरत्न पुरस्कार, हिरकणी पुरस्कार यांसारखे सोहळे होतात. त्यांत शेतकरी, समाजसेवक, लोककलावंत यांना मान मिळतो. इतरत्र तो सहसा दिसत नाही.

बालचित्रवाणी ही दूरदर्शनची का?

नाही. ती पुण्यातली राज्य सरकारची शैक्षणिक संस्था; १९८४मध्ये सुरू झाली आणि २०१७मध्ये बंद झाली. तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून दिसायचे, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात.

सत्तरच्या दशकातले कार्यक्रम आता का सापडत नाहीत?

सगळ्यात दुखरा प्रश्न. पहिलं कारण, बरेच कार्यक्रम थेट प्रक्षेपित झाले. ध्वनिचित्रमुद्रण झालंच नाही. दुसरं कारण, टेप महाग होत्या आणि परदेशातून येत, त्यामुळे एकदा दाखवलेला कार्यक्रम पुसून त्याच टेपवर नवा घेतला जाई. जगातल्या अनेक प्रक्षेपण संस्थांनी त्या काळात हेच केलं. तिसरं कारण आपली दमट हवा. चुंबकीय टेपला बुरशी लागते, थर सुटतो. जे काही वाचलं ते कुणीतरी निगुतीने सांभाळलं म्हणून.

त्यामुळे काही थोर गायकांच्या मैफली, काही नाटकं, काही मुलाखती आज फक्त पाहणाऱ्यांच्या आठवणीत आहेत. एखादा कार्यक्रम कुठेच सापडत नाही म्हणून तो झालाच नव्हता, असं धरून चालू नका. त्या काळातली वर्तमानपत्रं काढून बघा. रोजचे कार्यक्रम त्यांत वेळेसह छापलेले असत. मोठ्या ग्रंथालयांत जुने अंक मिळतात.

आता जुनं काय बघायला मिळतं, आणि कुठे?

दूरदर्शन सह्याद्रीच्या आणि प्रसार भारतीच्या संग्रहाच्या यूट्यूब वाहिन्यांवर बरंच साहित्य आहे, आणि त्यात भर पडते. शोधताना कार्यक्रमाच्या नावासोबत कलावंताचंही नाव टाका, कारण शीर्षकं नेहमी एका पद्धतीने लिहिलेली नसतात. चालू कार्यक्रमांसाठी दूरदर्शनची डीडी फ्री डिश ही सेवा आहे, तिला मासिक शुल्क नाही. केबल आणि डीटीएचवरही सह्याद्री दिसते. जुना अँटेना मात्र उपयोगाचा नाही. जमिनीवरून होणारं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण २०२२पर्यंत देशभर जवळपास सगळीकडे बंद झालं.

माझ्याकडे घरी रेकॉर्ड केलेल्या व्हीएचएस कॅसेट आहेत. काय करू?

आधी, त्या व्हीसीआरमध्ये लगेच घालू नका. झाकण उचलून टेपच्या कडेला पांढरट ठिपके दिसतात का ते पाहा. दिसले तर ती बुरशी. तशीच लावली तर टेप तुटेल, आणि तो व्हीसीआर पुढची कॅसेटही खराब करेल. अशी कॅसेट वेगळी ठेवून जाणकाराकडून साफ करून घ्या. चांगल्या कॅसेट उभ्या, कोरड्या जागी, लोहचुंबक आणि स्पीकरपासून लांब ठेवा.

संगणकावर उतरवून घेताना संपूर्ण उतरवा. जाहिराती, निवेदिकेचे दोन शब्द, मधला व्यत्यय, काही कापू नका. कार्यक्रमाचा दिवस पुष्कळदा त्यावरूनच ओळखता येतो. कॅसेटवरच्या चिठ्ठीचा फोटो काढा. घरातल्या मोठ्यांना विचारून वर्ष, गाव आणि कोणी रेकॉर्ड केलं हे फाइलच्या नावातच लिहून ठेवा.

कार्यक्रमाचे हक्क दूरदर्शनचे असतात, त्यामुळे पूर्ण भाग परस्पर कुठे चढवू नका. आपल्याकडे काय आहे याची यादी करून केंद्राला पत्राने कळवा. त्यांच्या संग्रहात नसलेला भाग तुमच्या माळ्यावर असू शकतो, विशेषतः १९८५नंतरचा, कारण व्हीसीआर मध्यमवर्गीय घरांत त्याच सुमारास येऊ लागला होता.